तळाची पेंढी

साठेबाज!

बावन्न वर्षांत गावानं मला काय काय नावं ठेवली. तोंडाळ म्हणाले, हेकट म्हणाले, 'दमाक्काचं लगीन पेवाशी लागलंय' असंही म्हणाले. पण साठेबाज कुणी म्हटलं नव्हतं. ते काम मुंबईच्या वायू नियामक आयोगानं केलं, आणि तेही छापील कागदावर, जावक क्रमांक घालून.

नोटीस मोठ्यानं वाचली आमच्या चेअरमननी, बाबगोंडा पाटलांनी. बाबगोंडांना चष्मा लागतो पण ते लावत नाहीत. कागद हातभर लांब धरून असे वाचतात की ऐकणाऱ्याला वाटावं, निवडणुकीचा निकालच लागतोय. "श्रीमती दमयंती सिद्राम माळगे, व्यवस्थापक, कुरणवाडी वायू साठवण सहकारी संस्था, यांस. आयोगाच्या ड्रोनने केलेल्या मोजणीनुसार आपल्या भूमिगत साठवणीत आढळलेल्या वायूपैकी पाचात दोन भाग आपण सहा वर्षांत एकदाही जाहीर केलेला नाही. सबब हा दडवलेला साठा एकवीस दिवसांत बाजारात आणावा. न आणल्यास परवाना रद्द समजावा."

कागद खाली करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अक्का, पाचात दोन? कुठं दडवलासा एवढा?"

"दडवीन कुठं? पेवातच आहे की. तळाला."

"मग लिवला का न्हाईसा?"

मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा समजावं की चूक माझी आहे.

हे पेव प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं कुरणवाडी कृष्णाकाठी, सांगलीपासून दोन कोसांवर. इथली माती अशी घट्ट की पंचवीस फूट खड्डा खणला तरी ढासळत नाही. तोंड माणूस उतरेल एवढं आणि आतलं पोट खोलीएवढं, त्याला म्हणायचं पेव. व्यापारी त्यात हळद भरायचे आणि वर फरशी, माती टाकून तोंड बंद करायचे. चार-चार वर्षं कीड लागत नसे, रंग उडत नसे. भाव आला की उघडायचं. माझे वडील सिद्राम माळगे, म्हणजे आमचे आप्पा, ही पेवं राखायचे. पुढे शीतगृहं आली आणि पेवं बुजली. आता एकच उरलंय, आमच्या परड्यात.

पेववाल्यांची एक रीत आहे. हळद भरण्याआधी तळाला गवताच्या पेंढ्यांचा हातभर थर घालायचा, त्यावर चटया. ओल खालून येते, ती या थरानं अडते. पण हा थर कुणी मालात मोजत नाही. पेवात काय आहे विचारलं तर सांगायचं, तीनशे पोती हळद. पेंढ्या किती, हे कोण सांगत बसतं? आयोगाच्या फॉर्मात सातवा रकाना होता, 'एकूण साठा'. मी तो सहा वर्षं पेववाल्याच्या पोरीसारखा भरला. तळाचा गॅस लिहिलाच नाही. तो साठा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो!

आता हा गॅस जमिनीत गेला कसा? त्याचं श्रेय डॉ. रेहाना मुजावरांना. बाई मिरजेच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात, झिओलाइट म्हणतात त्यांना. विहीर खणणारे ते उचलून बांधावर फेकून देतात. या स्फटिकाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, सगळी एका मापाची. हवेचे कण त्यात जाऊन बसतात, कबुतरं खुराड्यात बसावीत तसे. मुजावरबाईंनी त्या भोकांचं अस्तर असं बदललं की नैसर्गिक वायू त्यात दाटीवाटीनं बसू लागला. एरवी जेवढा वायू कोंबायला प्रचंड दाब लागतो, तेवढाच वायू तिसऱ्या हिश्शाच्या दाबात मावला. मग गावाखाली दीडशे मीटरवर, अखंड कातळात, आठ सिनेमागृहं बसतील एवढी पोकळी कोरली आणि ती या स्फटिकांच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्यांनी भरली. गुजरातकडून येणाऱ्या वाहिनीतला गॅस स्वस्त असेल तेव्हा आत घ्यायचा आणि टंचाईला बाहेर द्यायचा. गाव त्याला पहिल्या दिवसापासून पेवच म्हणतं.

गोम एकच. या दगडाला वायूपेक्षा पाणी जास्त आवडतं. दीडशे मीटर खोलीवर भुईतलं पाणी हवेच्या पंधरापट दाबानं रेटत असतं. ते बाहेर ठेवायचं तर आतला दाब कायम त्याहून जास्त हवा. आमची रेघ अठरावर. तिथवर दाब धरून ठेवतो तो तळाचा गॅस, चाळीस लाख घनमीटर. तो काढला की कृष्णामाई आत आलीच. पाणी एकदा भोकात बसलं की उठत नाही, तीनशे अंशांवर भाजावं लागतं. गावाखाली एवढी चूल कोण पेटवणार? म्हणजे आयोगाचं ऐकलं तर पेव मरणार, आणि नाही ऐकलं तर परवाना मरणार.

त्यात धंद्याची तऱ्हा आणखी वेगळी. आयोगाच्या दरपत्रकात पैसे मिळतात ते गॅस आत घेतला किंवा बाहेर दिला तर. पडून राहिला तर शून्य. तीन वर्षांपूर्वी वादळानं किनाऱ्यावरचं गॅसचं टर्मिनल बंद पडलं तेव्हा अकरा दिवस सांगलीच्या चुली आणि मिरजेची इस्पितळं आमच्या गॅसवर चालली. हार घातले लोकांनी मला! बाराव्या दिवशी विसरले. त्यानंतर सौरऊर्जा एवढी वाढली की गॅसचा भाव हिवाळा-उन्हाळा एकसारखा राहिला, आणि भावात फरकच नाही तर व्यापारी माल हलवील कशाला? आग लागली तरच अग्निशमनवाल्याला पगार, असा हा कायदा. आम्ही सहा माणसं दात कोरून पोट भरत होतो.

त्यामुळे नोटीस ऐकून बाबगोंडांचे डोळे चमकले त्यात नवल नव्हतं. "अक्का, न्हाईतरी संस्था रडतखडत चाललीया. तळाचा गॅस इकला तर सहाशे बारा सभासदांस्नी किती-किती येतील?"

मी सांगायला नको होतं, पण सांगितलं. "एकेकाला एक दुभती म्हैस येईल एवढे. थोडे वरही उरतील."

"मग? तळं राखी तो पाणी चाखी. आपुनच राखलं, आपुनच चाखू."

"चाखायचं म्हणजे तळं उपसायचं नव्हे, चेअरमन!"

पण म्हैस गावात सुटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत पीठ आणायला गेले तर चर्चा मुऱ्हा घ्यावी की पंढरपुरी. चौघांनी तर बाजारात जाऊन शिंगं, दातसुद्धा बघून ठेवले होते. सभा घेतली तर मला फक्त एवढी कबुली मिळाली की आयोगाचा माणूस तपासणीला येईल, त्याचं ऐकू, आणि मग हात वर करू.

तो आला आठव्या दिवशी, विजेच्या एसटीतून, पाठीवर पिशवी आणि हातात जेवणाचा डबा. प्रणय खोब्रागडे, वय तिशीच्या आत, मूळ नागपूरचा. चहा दिला तर एक घोट घेऊन म्हणाला, "बाप्पा! किती साखर हे!" मी म्हटलं, साखर कारखान्यांच्या मुलखात आलात, सवय करा.

दोन दिवस त्यानं सगळं तपासलं. झडपा, दाबमापकं, नोंदी. एवढा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. आमच्या पहारेकऱ्याच्या काठीची लांबीसुद्धा लिहून घेतली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्यापुढे स्टीलचा पेला ठेवला, त्यात मूठभर कोरड्या गोळ्या टाकल्या आणि वरून पाणी ओतलं. गोळ्या चरचरल्या, बुडबुडे फसफसून वर आले.

"धरा पेला," मी म्हटलं.

त्यानं धरला आणि चटका बसून सोडला. "गरम झाला!"

"पाण्यानं आतल्या हवेला हाकलून घर बळकावलं. त्या भांडणाची ऊब आहे ती. आता या गोळ्यांत वायू भरून दाखवा. नाही भरत. तुमच्या नोटिशीप्रमाणे वागले तर माझ्या आठ सिनेमागृहांचं हेच होणार."

त्यानं पेल्याला पुन्हा एकदा बोट लावून बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, पटलं. पण मी मोजून राहिलो फक्त. कायद्यात वायू दोनच प्रकारचा. साठा, नाहीतर गळती. तुमचा तळाचा गॅस गळती नाही. मग साठाच नं?"

"साठा नाही तो."

"मग काय आहे?"

"अस्तर आहे."

"कायद्यात अस्तर नाही." हे त्यानं इतक्या वाईट वाटून सांगितलं की मला रागवताही येईना. मी म्हटलं, ते राहू द्या, डबा गार झालाय तुमचा, घरी चला जेवायला.

आमच्या घरी आप्पांसमोर गॅसचं नाव काढायची सोय नव्हती. ऐंशी पार केलेला माणूस, पण सहा वर्षांत एकदाही माझ्या पेवावर पाऊल ठेवलं नव्हतं. उद्घाटनालासुद्धा पाय दुखतो म्हणून घरी बसले, आणि त्याच संध्याकाळी कुस्त्या बघायला दोन मैल चालत गेले. माझ्या नोकरीला ते 'तुझी ती हवा' म्हणायचे. मी समजून होते, म्हाताऱ्याला हळदीच्या जागी गॅस आलेला खपत नाही.

ज्वारीची भाकरी, वांगं आणि खर्डा. खोब्रागडे जेवायला बसला आणि पहिल्या घासाला आप्पांनी विचारलं, "साहेब कशापायी आलाईसा?"

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण सरळमार्गी माणसाला खुणा कळत नाहीत. "साठेबाजीच्या चौकशीसाठी," तो म्हणाला.

आप्पांची भाकरी हातातच राहिली. "कुणी केली साठेबाजी?"

"म्हणजे, मॅडमवर तसा आरोप आहे."

"माळग्यांच्या घरात साठेबाज?" आप्पा उठलेच. "मिरजेपास्नं कराडपतुर इचार. लोकांची हळद राखली आमी तीन पिढ्या, एक कांडी कमी आली न्हाई! साठेबाज म्हनं! ऊठ पोरा."

"आप्पा, जेवू द्या त्याला. आधी पोटोबा."

"पोटोबा मग. आधी पेव!"

साहेबाचा पोरा झाला होता. खोब्रागडे हात धुऊन निमूट मागे निघाला. परड्यातल्या पेवात आप्पा अजून दरवर्षी शेजाऱ्यांची पंधरा-वीस पोती हळद ठेवतात, कुणी मागो न मागो. आम्ही दोघांनी मिळून फरशी सरकवली. हळदीचा असा दरवळ आला की खोब्रागडे एक पाऊल मागे सरला आणि मग दोन पावलं पुढे आला.

"उतरू?" त्यानं विचारलं.

"मरायचं हाय व्हय? थांब." आप्पांनी कंदील पेटवला आणि दोरीनं खाली सोडला. बंद पेवातला प्राणवायू हळदच खाऊन टाकते, आणि असा उतरलेला माणूस वर येत नाही. खोब्रागडेनं कमरेचा प्राणवायू मोजायचा मीटर काढला आणि तोही दोरीला बांधून कंदिलाच्या शेजारून सोडला. पंधरा फुटांवर कंदील फडफडला आणि विझला. त्याच क्षणी मीटर पिंपिं करून ओरडला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघेही हसले. "तुजं यंत्र खरं बोलतंय," आप्पा म्हणाले. हे त्यांच्या तोंडून म्हणजे पद्मश्रीच.

तासभर पेव उघडं ठेवलं. तेवढ्यात राहिलेलं जेवण झालं, खर्ड्यानं खोब्रागडेच्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि तरी त्यानं आणखी मागितला. मग कंदील तळापर्यंत जळत गेला, मीटर गप्प राहिला. खोब्रागडे आणि मी दोर धरून उतरलो. आप्पा तोंडाशी बसून हुकूम सोडत होते.

"पोत्याखाली हात घाल. काय लागलं?"

"गवत आहे. कोरडं."

"त्याच्या खालची माती बघ."

"ओली आहे."

"हां! आता सांग, ह्या पेवात माल किती?"

खोब्रागडेनं पोती मोजली. "अठरा पोती."

"आन गवत? ते लिव की! दडवलंय आमी!"

खोब्रागडेनं पोत्याखालून हात काढला आणि बोटांना लागलेली ओली माती बघितली. मग वरून आप्पांनी सांगितलं की दुष्काळाच्या साली एका मालकानं तळाच्या पेंढ्या काढून बैलांना घातल्या. बैल आठ दिवस जगले, हळद कुजली, आणि ते पेव असं आंबलं की पुन्हा त्यात दाणा टिकला नाही. "पेंढी पेवाची असती पोरा. हळदवाल्याची न्हवं आन राखनाऱ्याचीबी न्हवं. पैली पेंढी तर घराच्या थोरल्या हातानं घालायची असती. त्याबिगार पेव पेव हुत न्हाई." हे शेवटचं म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. मी दोर सांभाळत होते, मनावर घेतलं नाही.

वर आल्यावर खोब्रागडेचे कपडे पिवळे, पण चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा. "आजोबा, पेवाचं भाडं कसं घ्यायचे तुम्ही? किती वेळा उघडलं, त्यावर?"

"उघडन्यावर?" आप्पांना हसूच आवरेना. "मग राखनाऱ्यानं काय माती खायाची? भाडं वर्साचं. भरलं असंल, रितं असंल, उघडलं, न उघडलं. राखनीचं भाडं ते."

आणि आत जाऊन त्यांनी पत्र्याची ट्रंक उपसली. आजोबांच्या हातची एक भाडेचिठ्ठी, पिवळी पडलेली, हळदीनं की वयानं देव जाणे. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'तळाच्या पेंढ्या व चटया पेवाच्या अंगच्या, मालात धरू नयेत. राखणीचे भाडे सालाचे, पेव भरले असो वा रिते असो.' खोब्रागडेनं ती चिठ्ठी दोनदा वाचली, फोटो काढला, आणि मग पुन्हा एकदा वाचली.

"मॅडम, काऊन नाही दाखवली ही आधी?"

"मला काय ठाऊक, आमचे आजोबा नियामक आयोग होते ते!"

खोब्रागडेच्या अहवालावर आयोगानं सुनावणी ठेवली, विसाव्या दिवशी सकाळी अकराला, पडद्यावर; गावाचं हात वर करणं तोवर थांबलं. आम्ही हळदीच्या सौद्याच्या शेडमध्ये भिंतीएवढा पडदा लावला. सगळं गाव आलं, म्हशी ठरवलेले चौघे पहिल्या रांगेत. मी सहाही वर्षांचे फॉर्म मांडीवर घेऊन बसले. पडद्यावर अध्यक्षा मॅडम, करड्या केसांच्या, आवाज बर्फासारखा. शेजारच्या चौकटीत खोब्रागडे, इस्त्रीच्या शर्टात, मुंबईच्या कचेरीतून.

"फॉर्म चुकीचा भरला हे मान्य आहे?" मॅडमनी विचारलं.

"मान्य आहे," मी म्हटलं. "सहाही वर्षं चुकीचा भरला. पण दडवलं काही नाही. आमच्याकडे तळ मालात धरत नाहीत."

मग खोब्रागडे उठला. पेला काढला, गोळ्या टाकल्या, पाणी ओतलं, आणि शेजारच्या सदस्याच्या हातात दिला. त्या सदस्यानं "अरे!" करून पेला टेबलावर आपटला तेव्हा आमची शेड हसून फुटायची बाकी होती. मग त्यानं चिठ्ठी पडद्यावर लावली आणि ती तिसरी ओळ शांतपणे वाचली.

"श्री. खोब्रागडे, तुम्ही संस्थेची बाजू मांडताय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. मी मोजून राहिलो. साठा मोजताना भिंती मोजत नाहीत. हा चाळीस लाख घनमीटर वायू भिंत आहे. तो काढायला लावणं म्हणजे छप्पर विकून घर चालवा म्हणणं. आणि आपण पैसे फक्त हालचालीला देतो, म्हणून देशातला प्रत्येक साठवणवाला एक दिवस हे छप्पर विकेल. मग पुढच्या वादळात आपण कोणाकडे जाणार? बैल गेला अन् झोपा केला, असं होईल."

मॅडम काही लिहीत होत्या. तेवढ्यात आमच्या शेडमध्ये मागून काठी आपटली. आप्पा उभे होते. मी म्हटलं, आता संपलं सगळं.

"बाई," आप्पा पडद्याला म्हणाले, "तुमच्या घरात लोनच्याची बरनी असंल. वरचं तेल इकता का?"

 अध्यक्षा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नाही," त्या म्हणाल्या. "तेल कमी झालं तर लोणचं जातं."

"मग झालं की!" आप्पा खाली बसले.

निकाल त्याच दुपारी आला. तळाचा वायू हा साठवणीच्या बांधकामाचा भाग समजावा. काढण्याचा आदेश रद्द. फॉर्ममध्ये नवा रकाना. दोन वर्षांसाठी प्रायोगिक तत्त्वावर सर्व साठवणींना वार्षिक राखणी आकार, वायू हलो वा न हलो. आणि चुकीच्या फॉर्मबद्दल व्यवस्थापकाला दंड, पाच हजार. मी तो उभ्या उभ्या, हसत हसत भरला. एवढ्या आनंदानं दंड भरणारी बाई आयोगाला पुन्हा मिळायची नाही.

गावानं हलगी काढली. बाबगोंडा पाटील या वयात नाचले, आणि नाचता नाचता मला म्हणाले, "म्हस गेली अक्का!"

"पण गोठा राहिला ना?"

"व्हय की! गोठा ऱ्हायला तर म्हस कवाबी यील!" आणि पुन्हा नाचायला गेले.

आठवड्यानं खोब्रागडे परत आला, नव्या रकान्याची पहिली नोंद घ्यायला. पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, आणि चहा विचारला तर म्हणाला, साखर राहू द्या तशीच. मला 'मॅडम'ऐवजी 'अक्का' म्हणू लागला होता. आम्ही चालत पेवाच्या फाटकाशी पोचलो, आणि मी जागीच थांबले.

फाटकापाशी आप्पा उभे होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला पटका, एका हातात काठी आणि काखेत गवताची पेंढी. सहा वर्षांत पहिल्यांदा.

पहारेकरी बिचारा हात जोडून म्हणत होता, "आप्पा, वाळलं गवात आत न्यायला बंदी हाय. गॅस हाय हितं."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "दमे, सा वर्सं झाली. एवढं थोरलं पेव भरलंस, गावभर जेवान घातलंस. पैली पेंढी कुनाच्या हातची असती? इचारलंस मला एकदा?"

 सहा वर्षं मी समजत होते, म्हाताऱ्याचा गॅसवर राग आहे. त्यांचा राग गॅसवर नव्हताच. लेकीनं पेव घातलं आणि बापाला तळ घालायला बोलावलं नाही, हे त्यांना लागलं होतं. आणि ते लागलंय हे सांगायचं नाही, हाही माळग्यांचाच हट्ट. मला भर दुपारी, पहारेकऱ्यासमोर, साहेबासमोर रडू फुटलं.

"चुकलं आप्पा. फॉर्मपेक्षा हे जास्त चुकलं."

"रडू नगंस. पेंढी भिजंल," ते म्हणाले, पण त्यांचाही आवाज भिजलेलाच होता.

खोब्रागडेनं घसा खाकरला. "अक्का, नियम काय म्हणतो? वायूविहिरीच्या तोंडापासून पन्नास मीटरच्या आत वाळलं गवत नको. बरोबर? टेप आहे नं तुमच्याकडे?"

त्यानं स्वतः टेप धरली. एक टोक विहिरीच्या तोंडाशी पहारेकऱ्याकडे दिलं, दुसरं घेऊन मागे मागे सरकत आला. चार वेळा टेप उचलून पुढे धरली, एकदा चुकली म्हणून पहिल्यापासून मोजलं. एक्कावन्नावा मीटर फाटकाबाहेरच्या करंजाच्या झाडाखाली आला. तिथे त्यानं बुटाच्या टाचेनं रेघ मारली.

"इथं चालते, आजोबा. नियमात बसते."

आप्पा वाकले. पेंढी ठेवली, बुडखा पेवाकडे केला, वरून तळहातानं दोनदा थोपटली, जशी ते नेहमी थोपटायचे. मग काठीवर भार देऊन सरळ झाले आणि त्या झडपा, नळ, निळ्या टाक्या, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"आता झालं पेव," ते म्हणाले. मग पेववाल्यानं पेववाल्याला विचारावं तसं मला विचारलं, "किती माल हाय?"

"साठ लाख घनमीटर, आप्पा. काठोकाठ."

तळाचे चाळीस लाख मी सांगितले नाहीत. खोब्रागडे शेजारीच उभा होता, हातात नव्या रकान्याचा फॉर्म घेऊन, पण त्यानं मला दुरुस्त केलं नाही.